दर पावसाळ्यानंतर गेट-ग्रील पुन्हा गंजतंय? रंगाचा डबा बदलायच्या आधी हे वाचा

ऑक्टोबर लागला की आमच्याकडे तीच तक्रार सुरू होते. मे महिन्यात रंग मारला, चांगल्या कंपनीचा मारला, दोन हात मारले, पेंटरने आधी घासलं पण होतं, आणि पाऊस संपेस्तोवर गेटला फोड येऊन खालून लाल पाणी गळायला लागलं. मग पुढच्या वर्षी कंपनी बदलायची, त्याच्या पुढच्या वर्षी पेंटर बदलायचा, आणि गेट आपलं जागच्या जागी गंजतंय. मालवण-वेंगुर्ल्यापासून वर मुरुड, अलिबाग, वसईपर्यंत खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात कुठेही जा, गोव्यातही तेच.

माझं मत सरळ आहे, बहुतेक वेळा रंगाचा दोष नसतो. लोखंडावर मीठ तसंच ठेवून त्याच्यावर रंग मारलेला असतो. आणि मीठ घासून निघत नाही, ते गोड्या पाण्याने धुवावं लागतं. हे धुणं कोणीच करत नाही, कारण "लोखंडाला पाणी लावायचं?" असं सगळ्यांना वाटतं. पेंटरला सांगितलं तर तो आपल्याकडे असा बघतो की विचारू नका.

हे मीठ करतं काय ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. पाऊस नसेल तर पाणी कुठून येणार असं वाटतं, पण मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आपल्या साध्या मिठाचं हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की स्वतःच पाणी होतं (पावसाळ्यात डब्यातलं मीठ बघा). समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार पण असतात, ते तर याच्याही खूप खाली ओल धरतात. कोकणात जून ते सप्टेंबर दमटपणा ७५ च्या वरच असतो आणि थंडीतल्या रात्रीसुद्धा जातो, म्हणजे मीठ बसलेलं लोखंड वर्षातला बराच काळ ओलंच असतं, पाऊस असो नसो. त्यात वाईट गोष्ट अशी की मिठातला क्लोराइड या भानगडीत खर्च होत नाही. तो लोखंडाला धरतो, त्याचा गंज करतो, आणि मोकळा होऊन पुन्हा पुढच्या लोखंडाला धरतो. म्हणून वरचा गंज तुम्ही कितीही चकाचक घासा, खड्ड्याच्या तळाशी चिमूटभर क्लोराइड राहिला की रंगाखाली पुन्हा काम चालू. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो त्यामुळे तो रंगाला खालून उचलतो, फोड येतो, फोड फुटतो, आत पाणी जातं, आणि मग काय, रानच मोकळं.

एक गंमत सांगतो जी खूप जणांना खरी वाटत नाही. ज्या ग्रिलवर थेट पाऊस पडतो ते कमी गंजतं आणि पडवीच्या आत, छपराखाली, पावसापासून "सुरक्षित" असलेलं ग्रील जास्त गंजतं. घराचा समुद्राकडचा अंगण-गेट आणि पडवीचं ग्रील एकाच वर्षी बसवलेलं असेल तर तुलना करून बघा. पाऊस येऊन मीठ धुवून नेतो, छपराखालचं मीठ कोणी धुवत नाही ते साचत जातं. खिडकीच्या ग्रिलची वरची बाजू चांगली आणि आतली, भिंतीकडची बाजू सडलेली दिसते त्याचं पण हेच कारण.

आता तुमच्याकडे नेमकं काय झालंय ते आधी बघा, कारण सगळंच काही मिठामुळे नसतं आणि चुकीच्या आजारावर औषध देऊन उपयोग नाही.

सपाट भागावर इकडे तिकडे विखुरलेले बारीक फोड आलेत, नखाने फोडले की आत ओल आहे आणि खाली काळसर खड्डा आहे, तर ते मिठाचं काम. रंगाची फिल्म ओल थोडी थोडी आत सोडतेच, खाली मीठ असलं की ते पाणी आत ओढतं आणि फोड भरतो.

रंग मोठ्या पोपड्याने निघतोय आणि पोपड्याच्या मागे निळसर करडा पातळ पापुद्रा चिकटून आलाय तर तो मिल स्केल. कारखान्यातून गरम रोल होऊन आलेल्या पट्टी-अँगलवर हा थर असतो, नवीन असताना इतका घट्ट आणि गुळगुळीत दिसतो की फॅब्रिकेटर त्याच्यावरच रेड ऑक्साइड (तो लाल प्रायमर) मारून देतो. वर्ष-दोन वर्षात तो तडकतो, त्याच्या खाली पाणी शिरतं आणि तो स्वतः तर जातोच, रंग पण घेऊन जातो. इथे कितीही भारी रंग मारा, तो रंग लोखंडाला नाही तर सुटत चाललेल्या पापुद्र्याला चिकटलाय.

रंग मोठ्या तुकड्यात सोलून निघतोय पण खाली गंज नाही, पांढरट चंदेरी धातू आहे? मग ते गॅल्व्हनाइज्ड आहे म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर दिलेलं, जीआय पाईप किंवा जीआय पत्रा. त्याच्यावर साधा ऑइल पेंट थेट मारला की रंगातलं तेल आणि जस्त यांची रिअॅक्शन होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सुटतो. तिथे गंजाची काही भानगडच नाही, गॅल्व्हनाइज्डवर चालणारा वॉश प्रायमर किंवा टू-पॅक (दोन डबे मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर आधी लागतो आणि मग हवा तो रंग. जीआयवर गंज घालवायचं केमिकल लावू नका, ते जस्तच खाऊन टाकतं. फक्त वेल्डिंग केलेल्या जागी जस्त जळून गेलेलं असतं तिथे खरा गंज येतो, तेवढ्या जागी घासून झिंक-रिच म्हणजे भरपूर जस्त असलेला प्रायमर मारा.

गंजाची रेघ फक्त कडांवर आहे, पट्टीच्या धारेवर, अँगलच्या कोपऱ्यावर, तर रंग तिथे पातळ बसलाय. ओला रंग धारेवरून मागे ओढला जातो, ब्रशने कितीही मारा, धारेवर थर अर्धाच राहतो. याचा इलाज पुढे सांगतो.

सांध्यातून चहाच्या रंगाचं पाणी ओघळतंय तर वेल्डरने पूर्ण वेल्डिंग न करता नुसते टाके मारलेत. दोन पट्ट्यांच्या मध्ये जी फट राहते तिच्यात ना ब्रश जातो ना घासायचा कागद, पाणी मात्र बरोबर जातं आणि राहतं. आणि खालच्या टोकाला, जिथे ग्रिलचा पाय भिंतीत किंवा ओट्यात गेलाय, तिथे सिमेंटच्या आत लोखंड बऱ्यापैकी ठीक असतं पण बरोबर तोंडाशी करवतीने कापल्यासारखं खाल्लेलं असतं कारण तिथे पाणी थांबतं. कुंड्या ठेवायच्या खिडक्यांचं तर बोलूच नका, रोज पाणी घालायचं, खताचे क्षार, ओली माती, सगळं त्या खालच्या पट्ट्यांवर.

शेवटचा प्रकार म्हणजे चौकोनी पाईप आतून गंजणं. बाहेरून कितीही छान असला आणि मध्येच एखाद्या जागी फुगवटा आला तर स्क्रू ड्रायव्हरने जोरात टोचून बघा. हल्ली १८ गेजचे पाईप सर्रास लावतात म्हणजे जाडी साधारण १.२ मिलिमीटर, त्यातलं आतून अर्धं गेलं तर उरलं काय. ड्रायव्हर आत गेला तर रंगाचा विषय संपला, तो तुकडा कापून नवीन लावा. गॅलरीचं किंवा गच्चीचं रेलिंग असेल तर अजिबात विचार करत बसू नका, माणसं टेकतात त्याला.

बरं, आता काम. याचा क्रम महत्त्वाचा आहे आणि लोक नेमका तोच उलटा करतात.

सगळ्यात आधी घासणं नाही, आधी धुणं. गेटवर धूळ, तेल, मीठ, पक्ष्यांची घाण हे सगळं असताना ग्राइंडर फिरवला की ते सगळं खड्ड्यात दाबून बसवता. थोडा साबण, प्लास्टिकचा ब्रश, भरपूर पाणी. गावाकडे गंजू नये म्हणून जळकं इंजिन ऑइल किंवा डिझेल पुसायची पद्धत आहे, तसं केलेलं असेल तर पहिल्यांदा टर्पेंटाइनच्या फडक्याने दोन-तीनदा, दर वेळी नवीन फडकं घेऊन पुसा, मग साबण. रॉकेलने पुसू नका, ते वाळल्यासारखं दिसतं पण तेलकटपणा मागे ठेवतं.

मग सैल गंज काढायचा. जाड खपल्या असतील तर चिपिंग हॅमर आणि पत्री, नंतर हातातला वायर ब्रश, नंतर ग्राइंडरला कप ब्रश (वाटीच्या आकाराचा तारेचा ब्रश). इथे एक धोका आहे. कप ब्रश जोरात फिरवला की गंज निघायच्या ऐवजी त्याला पॉलिश होते, काळपट चमकदार दिसतो आणि वाटतं लोखंड निघालं. लोखंड नाही ते, घट्ट दाबलेला गंजच आहे. ओळखायचं कसं, तर त्याच्यावर ८० नंबरचा कागद मारा, तपकिरी भुकटी आली तर अजून गंज आहे, चंदेरी चरा उठला तर लोखंड. म्हणून कप ब्रशनंतर फ्लॅप डिस्क (घासायच्या कागदाच्या पट्ट्यांची चकती) किंवा हाताने ८०, मग १२० नंबर मारायचाच, त्याने लोखंड थोडं खरबरीत पण होतं आणि प्रायमरला पकड मिळते. जुना रंग जिथे घट्ट आहे तिथे सगळा काढायची गरज नाही, फक्त त्याची कड घासून उतरती करा, पायरी राहिली की नवीन रंग तिथूनच सुटतो.

जगात या कामाला ठरलेली मोजमापं आहेत, आयएसओ ८५०१-१ मध्ये हाताने किंवा मशीनने घासलेल्याला एसटी २ आणि एसटी ३ म्हणतात आणि वाळूसारखं काही जोरात मारून साफ केलेल्याला एसए २½ वगैरे. घरच्या गेटला आपण एसटी ३ पर्यंत पोचलो म्हणजे खूप झालं. पण लक्षात घ्या, महागडे इपॉक्सी रंग बहुतेक वेळा ब्लास्टिंग केलेल्या लोखंडाचा हिशेब धरून बनवलेले असतात, हाताने घासलेल्यावर त्यांच्याकडून डब्यावरच्या आयुष्याची अपेक्षा करू नका.

मास्क लावा. हे उगाच काळजीपोटी म्हणत नाही, भारतात घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखात ९० भाग) करणारा नियम २०१६ चा आहे आणि तो लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरपासून, त्याच्या आधीच्या रंगात शिसं किती होतं कोणी सांगावं, खासकरून पिवळा, नारिंगी, लाल आणि जुने प्रायमर. तीस-चाळीस वर्षं जुन्या वाड्याचं ग्रील असेल तर सुकं घासू नका, कागद पाण्यात बुडवून घासा, चुरा गोळा करून पिशवीत भरा, लहान पोरं आणि कोंबड्या दोन्ही लांब ठेवा.

आता ते धुणं जे कोणी करत नाही. घासून झालं, खड्डे उघडे पडले, आत्ता त्यातलं मीठ पाण्याला सापडतं. गोडं पाणी घ्या. समुद्राजवळच्या बोअरचं किंवा विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते चालणार नाही, त्याने तुम्ही मीठ काढत नाही, घालताय. नळाचं पाणी चालेल, साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर सोन्याहून पिवळं. जमलं तर गरम. ताठ ब्रशने खड्ड्यात घोळवून घोळवून घासा, वरून पाणी ओता, पुन्हा घासा, असं निदान तीन वेळा, मग लगेच कापडाने पुसून उन्हात किंवा ब्लोअरने खडखडीत वाळवा. हो, वाळताना हलका पिवळसर गंज येईल, घाबरू नका. तो वरवरचा असतो, १२० नंबरने एक हात फिरवला की जातो. पेंटर लोक इथेच बिथरतात.

मीठ गेलं का कसं कळणार? मोठ्या कामांवर त्याला टेस्ट किट असतात, आपल्याला एक सोपी गोष्ट पुरते. धुवून, वाळवून, घासून झालेलं लोखंड एक रात्र उघडं राहू द्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत बघा. सगळीकडे सारखा हलका तांबूस आला असेल तर ठीक, पण खड्ड्यांच्या जागी काळे ओलसर ठिपके घाम आल्यासारखे दिसत असतील तर तिथे मीठ अजून आहे. तेवढ्या जागा पुन्हा पाण्याने घासा. जुन्या गेटला हे दोनदा-तीनदा करावं लागतं, कंटाळा येतो, पण पुढचं सगळं काम याच्यावर उभं आहे.

इथे इंटरनेटवरच्या एका उपायाबद्दल बोललंच पाहिजे. लिंबू आणि मीठ लावून गंज काढा, व्हिनेगर आणि मीठ लावा, असे व्हिडिओ ढिगाने आहेत. गंज निघतो, खोटं नाही, छान चकचकीत होतं. पण आपण जे काढायला धडपडतोय तेच मीठ तुम्ही हाताने चोळून भरताय. स्वयंपाकघरातल्या विळीला ठीक आहे, ती तुम्ही लगेच धुता, पुसता आणि तिला रंग देत नाही. बाथरूम साफ करायचं ॲसिड त्याहून वाईट, ते हायड्रोक्लोरिक असतं म्हणजे नुसता क्लोराइडच, त्याने साफ केलेलं लोखंड तासाभरात पुन्हा केशरी होतं. ॲसिडच वापरायचं असेल तर फॉस्फोरिक.

रस्ट कन्व्हर्टर म्हणून जे मिळतं त्यात बहुधा फॉस्फोरिक ॲसिड किंवा टॅनिक ॲसिड असतं, फॉस्फोरिक गंजाचं आयर्न फॉस्फेट करतं आणि टॅनिकने निळसर काळा थर तयार होतो. चांगली वस्तू आहे पण तिच्याकडून लोक नको त्या अपेक्षा करतात. ती घट्ट बसलेल्या पातळ गंजासाठी आहे, जिथे खड्ड्यात कागद पोचत नाही तिथे. खपल्यांवर लावली तर वरची खपली काळी होते आणि खालचा गंज तसाच. चकचकीत लोखंडावर लावायचं कारण नाही. आणि मिठावर तिचा काडीचाही उपाय चालत नाही, त्यामुळे कन्व्हर्टर लावला म्हणजे धुणं वाचलं असं होत नाही. पातळ हात मारा, हातमोजे आणि चष्मा घालून, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. फॉस्फोरिकवाला असेल तर नंतर चिकट किंवा पांढरट भुकटी राहते ती ओल्या फडक्याने पुसून वाळवा, नाहीतर प्रायमर तिच्यावर बसतो. "थेट गंजावर मारा" असे जे रंग मिळतात त्यांचं पण तेच, डब्याच्या मागे बारीक अक्षरात सैल गंज काढून घ्या असं लिहिलेलं असतंच, पुढचं मोठं अक्षर सगळे वाचतात.

प्रायमर त्याच दिवशी, लोखंड वाळल्यावर दोन-तीन तासात. उद्या सकाळी मारू म्हणालात तर रात्रीचं दव आणि खारं वारं पुन्हा आपलं काम करून जातं. ती रात्रभर उघडं ठेवायची परीक्षा मी वर सांगितली, तिच्यानंतर पुन्हा घासून, पुसून मगच प्रायमर.

कुठला प्रायमर? साधा रेड ऑक्साइड वाईट नाही, फक्त तो कशाला आहे ते समजून घ्या. तो सच्छिद्र असतो, एकटा पाणी अडवत नाही. फॅब्रिकेटर गेट बनवून त्याला रॉकेल नाहीतर पेट्रोल घालून पाणी केलेला रेड ऑक्साइडचा एक हात मारतो, गेट बसतं, रंग दिवाळीला मारू म्हणतात, आणि मध्ये अख्खा पावसाळा जातो. त्या लाल रंगामुळे खाली गंज आलाय हे दिसत पण नाही! असं गेट असेल तर तो रेड ऑक्साइड जुना रंग समजून घासून काढा, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. समुद्रापासून लांब, देशावर वगैरे, चांगल्या कंपनीचा रेड ऑक्साइड दोन हात पुरतो. किनाऱ्यावर झिंक फॉस्फेट असलेला प्रायमर घ्या, किंवा सगळं लोखंड उघडं केलं असेल तर टू-पॅक इपॉक्सी. झिंक क्रोमेटवाले पण मिळतात, गंज चांगला धरून ठेवतात, पण क्रोमेट कॅन्सरकारक आहे, पुढच्या वेळी घासताना ती धूळ तुमच्याच नाकात जाणार, मी तरी टाळतो. एक लक्षात ठेवा, जुना ऑइल पेंट अर्धवट ठेवून त्याच्यावर इपॉक्सी मारू नका, इपॉक्सीचा थिनर तेज असतो, जुना रंग सुरकुत्या पडून उचलला जातो.

कडांचा इलाज आता. पूर्ण हात मारायच्या आधी छोट्या ब्रशने फक्त धारा, कोपरे, वेल्डिंगचे सांधे, नट-बोल्ट एवढंच रंगवून घ्या, वाळू द्या, मग सगळीकडे पूर्ण हात. याने धारेवर एक थर जास्त बसतो. इतकी साधी गोष्ट आहे, अर्धा तास लागतो, आणि मोठ्या पुलांच्या कामात पण हेच करतात. प्रायमरचे दोन हात असतील तर दुसऱ्यात जरा वेगळी छटा घ्या, कुठे सुटलंय ते लगेच दिसतं. आणि खाली वाकून, आरसा धरून, खालची आणि भिंतीकडची बाजू बघा, कारण पेंटर उभा राहून रंगवतो आणि गंज खालून येतो.

सांध्यातल्या फटी प्रायमरच्या पहिल्या हातानंतर भरायच्या, आधी नाही. बारीक फटीला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, मोठ्या खड्ड्याला एम-सीलसारखी इपॉक्सी पुटी. सिलिकॉन नको, त्याच्यावर रंग बसत नाही. साधी लांबी (पेंटरची पुटी) उघड्या लोखंडावर तर बिलकुल भरू नका, ती ओल धरून ठेवते आणि वर्षभराने लांबीसकट पोपडा हातात येतो. भिंतीत गेलेल्या पायाच्या तोंडाशी सीलंटचा उतार करा म्हणजे पाणी तिथे न थांबता बाहेर पडेल. चौकोनी पाईपचं वरचं तोंड बंद करा आणि अगदी खालच्या टोकाला ६-८ मिलिमीटरचं भोक पाडा, आत शिरलेलं पाणी निदान निघून तरी जाईल. लोकांना हे भोक पाडणं जिवावर येतं, पण पूर्ण हवाबंद वेल्डिंग नसेल तर पाणी शिरणारच.

वरचा रंग दोन पातळ हात, एक जाड नाही. जाड हात वरून सुकतो आणि आत मऊ राहतो. साध्या एनॅमलच्या (ऑइल पेंटच्या) दोन हातांमध्ये निदान एक रात्र. खाली इपॉक्सी असेल तर वर पीयू किंवा एनॅमल काहीतरी द्याच, इपॉक्सी उन्हात पांढरट भुकटी सोडते. त्यात सुद्धा इपॉक्सी फार दिवस उघडी पडू देऊ नका, पूर्ण कडक झाली की पुढचा रंग तिला धरत नाही, मग पुन्हा घासा.

वेळेबद्दल. लोक रंगाचं काम मे महिन्यात काढतात, पाऊस यायच्या आत. ऊन कडक असतं म्हणून बरं वाटतं पण तेव्हा समुद्राचं वारं जोरात असतं, लोखंड हाताला चटका देईल इतकं तापलेलं असतं आणि ब्रश ओढायच्या आत रंग सुकतो. माझ्या मते नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. फक्त तेव्हा दव असतं. नियम असा की दमटपणा ८५ टक्क्यांच्या खाली हवा आणि लोखंड दव पडायच्या तापमानापेक्षा निदान ३ अंश गरम हवं. आपल्याकडे मोजायला काही नसतं, तर सकाळी दहाच्या पुढे लोखंडाला हात लावून कोरडं आणि कोमट आहे बघून सुरू करायचं आणि दुपारी तीनला ब्रश खाली ठेवायचा. उघड्यावरचं लोखंड संध्याकाळी हवेपेक्षा लवकर थंड होतं, ओल्या रंगावर दव पडलं की चमक जाऊन पांढरट डाग पडतात, आणि ते दव खारं असेल तर दोन हातांच्या मध्ये पुन्हा मीठ. म्हणून दुसरा हात मारायच्या आधी सकाळी गोड्या पाण्याचं फडकं फिरवून वाळवून घ्या.

एवढं करूनही समुद्राच्या तोंडावरचं ग्रील आयुष्यभर टिकणार नाही, तसं कोणी सांगत असेल तर तो विकणारा आहे. पण दर वर्षीचं काम चार-पाच वर्षांवर जातं, आणि मधल्या काळात एकच गोष्ट करायची, पडवी धुताना ग्रिलवर पण गोडं पाणी मारायचं. छपराखालच्या भागावर तर महिन्यातून एकदा माराच. ऑक्टोबरमध्ये एक फेरी मारून जिथे नखाएवढा फोड दिसेल तिथे तेवढाच घासून, धुवून, प्रायमर आणि रंग, अख्खं गेट रंगवायला काढायची गरज नाही. बिजागऱ्या आणि कडी-कोयंड्याच्या सरकत्या जागी रंग थापू नका, तिथे ग्रीस.

आणि ज्यांचं नवीन गेट बनायचंय त्यांनी फॅब्रिकेटरला आधीच सांगा की रेड ऑक्साइड मारू नको, गेट कोरं दे, टाके नको पूर्ण वेल्डिंग कर, वेल्डिंगचा मळ ठोकून काढ. बजेट असेल तर बनलेलं गेट हॉट डिप गॅल्व्हनाइज करून घ्या, म्हणजे अख्खं गेट साधारण ४५० अंशाच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, आत-बाहेर सगळीकडे जस्त बसतं. तयार जीआय पत्र्यावर चांगल्यातला म्हणजे २७५ जीएसएमचा (चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त) थर असला तरी एका बाजूला फक्त २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास भरतो, बुडवलेल्या पाईपवर त्याच्या दुपटीपेक्षा जास्त बसतो. फक्त पाईपला दोन्ही टोकांना भोकं ठेवायला सांगा, बंद पाईप त्या भट्टीत फुटतो, आणि भोकं नसलेलं गेट ते लोक परत पाठवतात.